‘कितव्या पानावर आहात?’ : घोडबंदर रस्त्यावरील एका वाचन-नोंदवहीचे प्रकरण

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत असलेल्या आमच्या सोसायटीत तीन इमारती आहेत. त्यांच्या मधोमध क्लब हाउस म्हणून बांधलेली, पण प्रत्यक्षात गणपतीच्या मखराचे सामान, कॅरम बोर्ड आणि मोडक्या खुर्च्या ठेवण्यासाठीच वापरली जाणारी एक खोली आहे. त्या खोलीत दोन लोखंडी कपाटे भरून पुस्तके आहेत. ती कोणी वाचनालय काढावे म्हणून विकत घेतलेली नाहीत. गिरगाव, दादर, लालबाग, डोंबिवली अशा ठिकाणांहून इकडे राहायला आलेल्या कुटुंबांनी सामानाबरोबर जी पुस्तके आणली आणि नव्या फ्लॅटमधील फर्निचरात ज्यांना जागा मिळाली नाही, ती आपोआप तिथे जमा झाली. प्रस्तुत प्रकरण मात्र त्या पुस्तकांचे नसून, एका कपाटाच्या मुठीला सुतळीने बांधून ठेवलेल्या दोनशे पानी वहीचे आहे. आपण सध्या काय वाचत आहोत, हे सोसायटीतील माणसे त्या वहीत लिहितात. ही वही मी दोन वर्षे सांभाळली आहे. नोकरीची सगळी वर्षे लेखापरीक्षणात गेल्यामुळे कोणत्याही नोंदवहीकडे मी जरा संशयानेच पाहते, आणि त्या सवयीचा या प्रकरणात जो उपयोग झाला तो मला स्वतःलाही अपेक्षित नव्हता. पुढे ज्यांचे उल्लेख येतात त्यांना विचारूनच हे लिहिले आहे. नावे देण्याचे कारण नाही.

वही येण्यापूर्वी

ठाणे हे ग्रंथालयांच्या बाबतीत दरिद्री शहर नाही. ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १ जून १८९३ रोजी येथे मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू झाले, म्हणजे मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालयाच्याही पाच वर्षे आधी. अडचण आहे ती अंतराची. घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी स्टेशनच्या बाजूला जाऊन पुस्तक बदलून यायचे म्हणजे वडाळा ते कासारवडवली या मेट्रो मार्गाच्या कामामुळे आक्रसलेल्या रस्त्यातून एक अख्खी संध्याकाळ खर्ची घालावी लागते. त्यामुळे आमच्याकडच्या ज्या मंडळींची जुन्या ठाण्यात किंवा दादरला वाचनालयांची वर्गणी होती, त्यांनी ती एकेक करून बंद केली.

वर्गणी बंद झाल्यावर पुस्तके मिळेनाशी झाली असे म्हणता येणार नाही. पुस्तके आता घरपोच येतात. नाहीशी झाली ती वेगळीच गोष्ट. वाचनालयात जाणारा मुरलेला वाचक कपाटांकडे नंतर वळतो, आधी तो काउंटरवर परत आलेल्या आणि अजून जागेवर न लागलेल्या पुस्तकांच्या ढिगात हात घालतो. त्या ढिगात आपल्यासारख्याच कुणीतरी काल-परवापर्यंत वाचलेली पुस्तके असतात, आणि पुस्तकाच्या आत चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर शिक्के दाट आहेत की विरळ, हे पाहून तो मनाशी काही ठरवतो. आपल्या आसपासची माणसे काय वाचत आहेत, हे एकही प्रश्न न विचारता कळण्याची ती सोय होती. तिची आठवण आमच्यापैकी अनेकांना होती, पण तिचे नाव काय, हे कुणाला सांगता येत नव्हते.

म्हणून १५ ऑक्टोबरचे, वाचन प्रेरणा दिनाचे निमित्त साधून सोसायटीतील काही जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट सुरू केला. ‘सध्या काय वाचताय? एका ओळीत कळवा,’ एवढाच संदेश होता. पहिले आठ-दहा दिवस गट दणदणीत चालला. चहाच्या कपाशेजारी ठेवलेल्या मुखपृष्ठांचे फोटो येऊ लागले. त्यांत जाडजूड चरित्रे होती, जगाच्या इतिहासाचे अनुवाद होते, गुंतवणुकीवरची पुस्तके होती. मी त्यांतल्या तिघांकडे, वाचून झाल्यावर पुस्तक द्याल का, असे विचारले तेव्हा तिघांचेही उत्तर थोड्याफार फरकाने एकच आले : ‘अजून सुरू करायचंय.’ फोटो मात्र खरे होते.

पुढे जे झाले ते अशा गटांमध्ये सगळीकडेच होते, त्यामुळे थोडक्यात सांगते. सुविचार आले, वाढदिवस आले, चोरून स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या पीडीएफ आल्या आणि त्या काढून टाकायला सांगितल्यावर रुसवे आले. पण गट मोडला तो या गोंगाटाने नव्हे. ‘ए’ इमारतीतील एका ताईंनी आपण एक जुनी कौटुंबिक कादंबरी पुन्हा वाचत असल्याचे कळवले होते. त्यावर कुणीतरी ‘अजून हे वाचतं का कोणी?’ असे लिहून पुढे हसणारा चेहरा टाकला. ताईंनी काहीच उत्तर दिले नाही. त्या गटातून बाहेरही पडल्या नाहीत. त्यांनी फक्त लिहिणे बंद केले, आणि महिन्याभरात आणखी कितीतरी जणांनी तेच केले. मी त्यांना लिफ्टमध्ये विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “वाचते हो मी अजून. पण सांगण्यासारखं नाही वाचत.”

‘सांगण्यासारखे वाचणे’ हा शब्दप्रयोग मला फार बोचला. चूक त्या हसऱ्या चेहऱ्याची होती, तशी प्रश्नाचीही होती, असे मला तेव्हापासून वाटू लागले. ‘काय वाचताय?’ असे विचारले की माणसाला पुस्तकाचे नाव सांगावे लागते, आणि पुस्तकाचे नाव सांगणे म्हणजे आपली इयत्ता सांगणे असा आपल्याकडे समज आहे. ‘सध्या’ हा शब्द प्रश्नात असतो खरा, पण उत्तर देताना तो गळून पडतो. जे अर्धवट आहे, जे रेंगाळले आहे, जे बहुधा पूर्ण होणार नाही, ते कुणी उच्चारत नाही. आणि वाचणाऱ्या माणसाचे खरे ‘सध्या’ तर बहुतांशी त्यातच असते.

पानाचा रकाना

तोडगा माझा नाही. ‘सी’ इमारतीत राहणारा एक तरुण अभियंता महापे येथे नोकरी करतो आणि ठाणे–वाशी मार्गाच्या गाडीने रोज जातो-येतो. उभ्याने का होईना, तो गाडीत वाचतो, आणि वाचन जिथे थांबेल त्या ओळीसमोर समासात पेन्सिलीने स्टेशनचे आद्याक्षर लिहितो. त्याच्याकडून मी एक पुस्तक उसने आणले तेव्हा त्याच्या समासांमध्ये ‘ऐ’, ‘र’, ‘घ’ अशी अक्षरे दिसली आणि मला ते काही सांकेतिक टिपण वाटले. त्याने खुलासा केला : ऐरोली, रबाळे, घणसोली. ‘घ’ जवळजवळ असतील तर मजकूर कठीण किंवा गर्दी जास्त, लांब लांब असतील तर पुस्तक पळते आहे. त्याच बोलण्यात तो म्हणाला, “काकू, काय वाचतोस म्हणून विचारलं की मला परीक्षेला बसल्यासारखं होतं. कुठपर्यंत आलास विचारलं, तर सांगायला बरं वाटतं.”

या वाक्यावर वही उभी राहिली. मी बाजारातून आखीव दोनशे पानी वही आणली आणि रकाने पाडले : तारीख, नाव, पुस्तक, पान, शेरा. नियम चार केले. पानाचा क्रमांक लिहिल्याशिवाय नोंद धरली जाणार नाही. शेरा ऐच्छिक आहे. आपण ज्या पानावर आहोत त्याच्या पुढचे काहीही शेऱ्यात लिहायचे नाही, मग ते पुस्तक पूर्वी दहा वेळा वाचलेले का असेना. आणि पुस्तक सोडून दिले तर कितव्या पानावर सोडले तेही लिहायचे. दुसऱ्याच्या नोंदीवर खाडाखोड करायची नाही, ही पाचवी गोष्ट मी वेगळी लिहिली नाही. ती माझ्या हाडातच आहे.

पहिल्याच रविवारी फरक दिसला. ज्या चरित्रग्रंथाचा फोटो गटात झळकला होता, त्याच्यासमोर त्याच गृहस्थांनी ‘पान ९’ असे लिहिले, आणि त्यांना त्याची लाज वाटल्याचे दिसले नाही. कारण त्यांच्या वरच्या नोंदीत पान ४ होते. कादंबरीवाल्या ताई तिसऱ्या आठवड्यात आल्या. त्यांच्या नोंदीत पान २३१ होते आणि शेरा होता, ‘या पानापर्यंत चौथ्यांदा.’ त्यावर हसायला कुणाला जागाच उरली नाही. चार वेळा दोनशे एकतीस पाने वाचणाऱ्या बाईपुढे पान ९ वरचा माणूस काय बोलणार?

सोडलेल्या पुस्तकांच्या नोंदींनी तर माझा अंदाज साफ चुकवला. लोक सोडलेली पुस्तके लपवतील असे मला वाटले होते. उलट, का सोडले हे सांगण्यात त्यांना विशेष रस असल्याचे दिसले. एका नोंदीत एका ग्रामीण कादंबरीसमोर ‘पान ४० वर सोडले, सगळी शेतीचीच माहिती’ असा शेरा होता. तो वाचून कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी ती कादंबरी त्याच दिवशी उचलली. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतले तिसरे ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ असे आहे. एकाच्या तक्रारीतून दुसऱ्याला शिफारस मिळते, ही त्या सूत्राची वाट मला वहीने दाखवली.

पोथी हे वाचन आहे काय?

वहीला दोन महिने झाले असतील तेव्हा ‘बी’ इमारतीतील एका काकूंनी पुढील नोंद केली : ‘दासबोध. दशक ११, समास ६.’ पानाच्या रकान्यात पान नव्हते, पण पानापेक्षा नेमका पत्ता होता, म्हणून मी ती धरली. पुढच्या रविवारी महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांनी त्या नोंदीकडे बोट दाखवून हरकत घेतली. त्यांचा मुद्दा उथळ नव्हता. पारायणात किती वाचायचे हे आधीच ठरलेले असते, वाचणारा मजकुराला अडवून प्रश्न विचारत नाही आणि पुण्य पूर्ण करण्यात असते, कळण्यात नसते. तेव्हा ही उपासना आहे, वाचन नव्हे, आणि ती वहीत घेतली तर श्रावणात वहीत दुसरे काही उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. काकूंना हे त्यांच्यासमोरच ऐकवले गेले, याचे मला वाईट वाटले. पण त्या शांत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो सर, पारायण मी गुरुचरित्राचं करते, ते कुठे लिहिलंय वहीत? हा दासबोध मी रोज एक समास वाचते. कळला नाही तर दुसऱ्या दिवशी तोच.”

येथे माझ्या जुन्या व्यवसायाने तोंड उघडले. दासबोधाचे दशक वीस, प्रत्येकात समास दहा, म्हणजे एकंदर समास दोनशे. रोज एक याप्रमाणे पारायणाच्या शिस्तीने कुणी वाचले तर सात महिन्यांच्या आत ग्रंथ संपला पाहिजे आणि दर रविवारच्या नोंदीत बरोबर सातांची वाढ दिसली पाहिजे. मी काकूंच्या पुढच्या नोंदी लक्षात ठेवून तपासू लागले. वाढ कधी पाच होती, कधी तीन. एका रविवारी तर आकडा मागच्याच जागेवर होता आणि शेऱ्यात लिहिले होते, ‘हा अजून बसला नाही.’ मी सरांना वही दाखवली. आकडा जिथे अडतो तिथे वाचणारा अडलेला असतो, आणि अडणे हीच जर तुमची वाचनाची कसोटी असेल, तर या वहीत काकूंइतका कसोटीला उतरणारा वाचक दुसरा नाही, असे मी त्यांना म्हटले. सरांनी चष्मा काढून त्या नोंदी पुन्हा पाहिल्या आणि हरकत मागे घेतली. मला वाटते, त्यांना पटले होते. नुसता संकोच असता तर त्यांनी विषय बदलला असता.

खरी गंमत पुढे झाली. सर त्या दिवसांत इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ पुन्हा वाचत होते. १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या पुस्तकात महाभारतातील एकेका व्यक्तीवर स्वतंत्र लेख आहेत, त्यामुळे सरही पानाऐवजी लेखाचे नाव लिहीत. ‘पितापुत्र’ या लेखावर ते तीन आठवडे थांबले. युधिष्ठिर हा विदुराचा मुलगा असावा काय, असा प्रश्न बाईंनी त्यात पुराव्यांची बारीक जुळवाजुळव करून मांडला आहे. सरांचा शेरा होता, ‘अजूनही पटत नाही.’ काकूंनी तो वाचला आणि “न पटणारं पुस्तक तीन आठवडे हातातून सुटत नाही म्हणजे काय प्रकार आहे तो मला बघू द्या,” असे म्हणून पुस्तक मागून नेले. पुढे काकूंच्या नावावर दोन नोंदी समांतर चालू झाल्या, एक समासांची आणि एक लेखांची.

याच काकूंमुळे वहीच्या अक्षरातही सुधारणा झाली, हे जाता जाता सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास हा लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे आणि मोकळे असावे, शाई काळी असावी, आरंभापासून शेवटपर्यंत वळण एकसारखे असावे आणि कागदाच्या कडा झिजल्या तरी अक्षर जाऊ नये म्हणून भोवती जागा सोडावी, असे समर्थांनी त्यात सांगितले आहे. तो समास वाचला त्या रविवारी काकू वहीपाशी आल्या, सुतळीच्या ओढीने फाटलेली तिची डावी कड त्यांनी पाहिली आणि तारखेचा रकाना दोन बोटे आत घ्यायला मला लावले. आधीच्या पानांवरच्या काही तारखा आता वाचता येत नाहीत, हे खरे आहे.

पान ११२

अडलेला आकडा नेहमीच विचार करणाऱ्या वाचकाचा असतो, असे मात्र नाही, आणि हा धडा मला एका आजोबांनी दिला. ठाणे–बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात त्यांनी आयुष्य काढले होते आणि आता ते मराठ्यांच्या इतिहासावरचा एक जाड ग्रंथ वाचत होते. त्यांच्या नोंदी घड्याळासारख्या होत्या : दर आठवड्याला वीस-बावीस पाने. पुढे त्या पंधरावर आल्या, मग आठवर. नंतर एका रविवारी ११२, पुढच्या रविवारी ११२, त्याच्या पुढच्या रविवारीही ११२. कॅरम खेळणाऱ्या मुलांनी ‘आजोबा एकशे बारावर आऊट’ अशी थट्टा सुरू केली. आजोबाही हसले आणि पाचव्या रविवारी त्यांनी ठळक अक्षरात पुन्हा ११२ लिहिले. त्या ठळकपणाकडे माझे लक्ष गेले. आधीच्या नोंदींपेक्षा अक्षर मोठे झाले होते आणि आकडा रकान्याच्या रेघेवर चढला होता.

मी विचारले, “आजोबा, पुस्तक आवडेनासं झालं का?”

ते म्हणाले, “छे गं. पुस्तक उत्तम आहे. एकशे तेरापासून छपाई फिकी आहे, एवढंच.”

मी त्यांच्याकडून ग्रंथ मागून घेतला आणि पान ११२ व ११३ उजेडात शेजारी शेजारी धरून पाहिले. दोन्हींची शाई सारखीच काळी होती.

मोतीबिंदू हळूहळू वाढतो, दुखत नाही आणि अक्षरे एकदम नाहीशी करत नाही. काळे अक्षर करडे वाटू लागते, संध्याकाळच्या उजेडात ओळ पुसट होते, समोरच्या दिव्याचा झगमगाट होतो, आणि वाचणारा दोष छपाईला, बल्बला किंवा चष्मेवाल्याला देतो. आजोबांच्या सूनबाईंना मी तेवढीच हकिकत सांगितली, निदान केले नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, आणि दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया काही अंतराने करायचे ठरले. घरातल्या घरात कुणाच्या हे लक्षात का आले नाही, असा प्रश्न सूनबाईंनी स्वतःलाच लावून घेतला. माझ्या मते तो अन्याय होता. टीव्ही ते पाहत होते, जिना ते चढत होते. पानांची मोजदाद घरात कोण ठेवतो?

शस्त्रक्रियेनंतर वाचण्याच्या चष्म्याचा पक्का नंबर मिळायला साधारण चार ते सहा आठवडे जातात, आणि दोन डोळे मिळून त्यांचे बरेच महिने गेले. या मधल्या काळात बारावीतला एक मुलगा रविवारी त्यांना तासभर वाचून दाखवू लागला. ही नोंद कुणाच्या नावावर करायची, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी नावाच्या रकान्यात दोघांची नावे, मध्ये अधिकचे चिन्ह, अशी पद्धत पडली. मुलाचा पहिला शेरा असा होता : ‘पान ११९. आजोबा मध्ये मध्ये थांबवून पुढचं आधीच सांगतात.’ म्हणजे त्यांनी तो ग्रंथ पूर्वी वाचला होता, आणि नियम मोडला होता.

वहीचे दोष

वहीचे गुण सांगताना तिचे दोष लपवणे योग्य होणार नाही. सर्वांत मोठा दोष हिशेबाचा आहे. दर रविवारी ‘सध्या’ विचारले की जे पुस्तक महिनोन्महिने चालते ते पुन्हा पुन्हा दिसते, आणि जे दोन रात्रींत संपते ते बुधवारी सुरू होऊन शुक्रवारी संपल्यामुळे दिसतच नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आमच्या कपाटातून सतत बाहेर असते, याची मी साक्षीदार आहे. पण वहीत तिची नोंद शोधावी लागते, कारण तिच्यात कुणी दोन रविवार रेंगाळत नाही. केवळ वही पाहून कुणी आमच्या सोसायटीच्या वाचनाविषयी मत बनवले, तर येथे सगळे जाड ग्रंथच वाचतात असा त्याचा गैरसमज होईल. यावर उपाय म्हणून ‘मधल्या आठवड्यात संपलेली’ असा एक वेगळा भाग शेवटच्या पानांवर केला, पण तिथे लिहायला लोक विसरतात.

दुसरा दोष दिवाळीत उघडा पडतो. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली तेव्हापासून मराठी वाचकाचे कार्तिक-मार्गशीर्ष अंकांच्या अदलाबदलीत जातात, आणि अंक कुणीही पहिल्या पानापासून वाचत नाही. पान लिहायचे तर कुठले? त्या दोन महिन्यांत पानाचा रकाना आम्ही अंकाने आतापर्यंत किती घरे पाहिली हे लिहायला वापरतो. ‘सातवे घर’ अशी नोंद झालेल्या एका अंकाचे मुखपृष्ठ शेवटच्या घरी पोहोचेपर्यंत उरले नव्हते.

तिसरी गोष्ट दोष म्हणावी की काय, मला ठरवता येत नाही. दहावीतील एका मुलीने एका रहस्यकादंबरीच्या नोंदी केल्या होत्या : पान ३०, पान १४५, पान २९०. तारखा पूर्वपरीक्षेच्या आठवड्याच्या होत्या. तिच्या आईने वही चाळली आणि घरी जो तमाशा व्हायचा तो झाला. मुलगी माझ्याकडे येऊन म्हणाली, “काकू, प्लीज माझं पान खोडा ना.” नोंद खोडण्याची विनंती मी आयुष्यभर मोठमोठ्या माणसांकडून ऐकली आहे आणि कधीही मानलेली नाही, तिचीही मानली नाही. पण त्यानंतर टोपणनावाने लिहायची मुभा दिली. आता वहीत एक ‘घुबड’ आहे, एक ‘गच्चीवरची’ आहे आणि एक ‘मी नव्हेच’ आहे. त्यांतला एक जण साठीच्या पुढचा आहे, हे मला अक्षरावरून कळते. तो काय वाचतो ते सांगणार नाही.

फोनवर वाचणारे टक्के लिहितात आणि कानांनी ऐकणारे तास-मिनिटे लिहितात. सरांना ऐकणे हे वाचन वाटत नाही. काकूंना वाटते, कारण श्रवण ही भक्ती नवांत पहिली मोजली आहे. हा वाद मी मुद्दाम मिटवलेला नाही.

पुढील वहीत

या महिन्यात पहिली वही संपली. नवी वही उघडताना जुन्या सवयीने मी पहिल्या पानाच्या माथ्यावर ‘मागील वहीवरून पुढे’ असे लिहिले आणि ज्यांची पुस्तके अजून मिटलेली नाहीत त्यांच्या शिलकी ओढायला बसले. अभियंता पान १७६, समासात ‘घ’. कादंबरीवाल्या ताई, नवीन कादंबरी, पान ५२, शेरा ‘पहिल्यांदाच’. आजोबा, नव्या चष्म्याने, पान २०४. त्यांच्या नावापुढचे अधिकचे चिन्ह त्यांनी काढू दिले नाही, कारण मुलगा आता येतो तो स्वतःचे पुस्तक घेऊन येतो आणि शेजारी बसून वाचतो.

काकूंपाशी अडले. विसाव्या दशकाचा दहावा समास त्यांनी मागच्याच आठवड्यात संपवला होता, म्हणजे हिशेब पूर्ण होऊन खाते बंद व्हायला हवे होते. पण त्या वहीपाशी आल्या आणि त्यांनी आपल्या हाताने लिहिले : ‘दासबोध. दशक १, समास १.’ सर शेजारीच उभे होते. ते म्हणाले, “ही नवी नोंद धरायची की मागील वहीवरून पुढे?” काकू म्हणाल्या, “तुम्ही ‘पितापुत्र’ किती वेळा लिहिलंत, ते आधी मोजा.” मी जुनी वही पुन्हा उघडली आणि मोजायला सुरुवात केली.